चंद्राविरुद्धचं माझं भाषण

आपल्या देशाचा माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला, तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर काम झालं नाही. मी नागपुरात पिण्याचं पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत होते. नमुन्यांच्या बाटल्या टेबलावर रांगेनं उभ्या आणि माणसं रेडिओभोवती. अर्ध्या तासात तट पडले. एक म्हणत होता, देशाची मान उंच झाली. दुसरा म्हणाला, गावांना नळ नाहीत आणि आपण आकाशात फिरतोय. तिसऱ्यानं मुद्दा काढला की नुसती यंत्रं पाठवली असती तरी तेच कळलं असतं, माणसाचा जीव कशाला टांगणीला लावायचा? मग सगळे माझ्याकडे वळले, "मॅडम, तुमचं काय मत?" मी म्हटलं, बाटल्यांची वेळ होऊन गेली, आधी त्या घ्या.

खरं म्हणजे यातला विरोधाचा प्रत्येक मुद्दा मी अकरावीत असतानाच शाळेतल्या एका भाषणात बोलून चुकले होते. त्याबद्दल मला पहिलं बक्षीसही मिळालं होतं, आणि त्या भाषणापायी माझं सायन्स कॉलेज हातचं जाणार होतं.

माझे वडील नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत बसून भांड्यांवर नावं घालत. लग्नाचा आहेर असो, वास्तूची भेट असो की कोणाच्या स्मरणार्थ द्यायची परात, गिऱ्हाईक दुकानातून भांडं घेऊन थेट त्यांच्या पाटापाशी येई. हातात छोटी छिन्नी आणि हातोडी. टिक टिक टिक, ठिपक्याला ठिपका जोडून अक्षर उभं राही. घालण्याआधी ते मजकूर मोठ्यानं वाचून दाखवत आणि विचारत, "हेच घालू?" हो म्हटलं की संपलं. पत्र्यावर एकदा पडलेला ठिपका पुसता येत नाही. एकदा तांब्यावर नाव घालून घेणाऱ्या एका बाईनं अर्ध्यात येऊन सांगितलं की आहेर मामाकडून नाही, मावशीकडून लिहायचा होता. बाबांनी तिला दुसरा गडवा आणायला लावला. तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाचा बोलण्याबद्दलचा हिशेबही तसाच होता. जे बोललात ते बोललात.

चंद्रावर माणसं उतरली तेव्हा मी दहावीत होते. भांड्यांच्या ओळीत एकाच दुकानात रेडिओ होता. बातमी लागली आणि सगळ्या ओळीतली ठोकाठोक थांबली. मी डबा द्यायला गेले होते. इतवारीत भर दुपारी इतकी शांतता मी पुन्हा ऐकली नाही. बाबांच्या शेजारच्या पाटावर बसणारे काका तेवढे म्हणाले, "पोहोचले बाप्पा. आता तिथं भांड्याचं दुकान टाकतीन, नावं घालाले आपल्याले बलावतीन."

त्याच वर्षी आमच्या सायन्सच्या बाईंनी डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आम्हाला दाखवला. प्रत्येकीला दहा आकडे मोजेपर्यंतच पाहायला मिळे. माझे दहा झाले तरी मी डोळा काढेना, तेव्हा मागच्या मुलीनं वेणी ओढली. घरी येऊन मी जाहीर केलं की मी सायन्सला जाणार. बाबा म्हणाले, "जा." एवढंच. आमच्या घरात कॉलेजात कोणीच गेलं नव्हतं, त्यामुळे विरोध कसा करायचा हेही कोणाला माहीत नव्हतं.

अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी, हिवाळ्यात वादविवाद स्पर्धा झाली. विषय, "माणसाने अंतराळात जावे." बाजू आपण निवडायची नसे. बाई ओंजळीत चिठ्ठ्या धरत, जी निघेल ती आपली. मला निघाली प्रतिकूल. मी रडकुंडीला आले. बाई म्हणाल्या, "ज्याच्याविरुद्ध बोलायचंय ते तुला आवडतं ना? मग त्याच्यातल्या खोडी तुलाच जास्त माहीत असणार."

खोडी पुरवल्या आईनं. ती घरी मिरच्यांचे देठ खुडून देई. भिवापूरच्या मिरचीची पोती व्यापाऱ्याकडून यायची आणि गल्लीतल्या चार बायका आमच्या अंगणात बसून खुडायच्या. मी त्यांच्यात बसून, शिंकत शिंकत, भाषण लिहिलं.

"अन् तिथून आणलं काय त्यांनी?" आईनं विचारलं.

"दगड. आणि माती."

"काहून वं, त्याहिच्या गावात गोटे नव्हते?"

बायका खदखदल्या. एक म्हणाली, "यंदा त्याहिची चंद्राची गाडी अर्ध्या वाटेतून वापस आली म्हणते. आतल्या माणसाच्या बायकोचं काय झालं असन त्या चार दिवसांत, ते लिही."

ते मी लिहिलं. गोटेही घातले. यंत्रं फोटो आणतात तर माणसानं जायचं काय कारण, हे घातलं. घरातलं पाणी गाळून न पिणाऱ्यानं चंद्रावर पाणी शोधू नये, हे घातलं. शेवटी टाळ्यांसाठी एक वाक्य रचलं की चंद्रावर पाय ठेवणाऱ्यापेक्षा खेड्यातल्या पोराच्या पाटीवर पहिलं अक्षर काढून देणारी बाई मोठी, आणि मला विचाराल तर मी त्या बाईच्या मागे जाईन.

टाळ्या भरपूर पडल्या. सभागृहाच्या मागच्या दारापाशी बाबा उभे होते. बक्षीस म्हणून द्यायच्या डब्यांवर "प्रथम", "द्वितीय" त्यांनीच घातलं होतं आणि ते डबे पोचवायला आले होते. भाषण संपेपर्यंत थांबले. संध्याकाळी माझ्या डब्यावर माझं नाव घातलं आणि आईला म्हणाले, "चांगली बोलली."

एवढ्यावर संपलं असं मी समजले. मॅट्रिकचा निकाल लागला, मार्क चांगले पडले. दुसऱ्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले आणि हात धुता धुता म्हणाले, "मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरून आलो तुझा. तिथल्या क्लार्कनं सांगतलं, जागा पक्की."

मी म्हटलं, मला सायन्सला जायचंय.

"ते पहिले होतं," बाबा म्हणाले. "मंग तू साऱ्या शाळेपुढं सांगतलं ना, पाटीवाल्या बाईच्या मागं जाईन म्हणून. मी आपल्या कानानं आयकलं." आणि ते इतवारीत कामावर निघून गेले. त्यांना राग आलेला नव्हता. मुलीचं मन ऐकून तिच्या मनासारखं केलं, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यामुळे भांडायचं कशाशी, हेच मला कळेना.

सायन्सच्या फॉर्मला तीन दिवस उरले होते. दोन मी रुसण्यात घालवले. रुसून काही होत नाही हे तेव्हा कळलं, ते पुढे फार उपयोगी पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळीच डबा घेऊन इतवारीत गेले. बाबांपुढे पितळेची परात होती.

"बाबा, ते माझं मत नव्हतं. चिठ्ठी निघाली होती."

"कोनती चिठ्ठी?"

मी सांगितलं. हातोडी थांबली.

"म्हणजे तुले जे वाटत नव्हतं ते तू बोलली?"

"हो."

"अन् बाकीच्या पोरी बी?"

"अर्ध्या."

"अन् हे मास्तरणीहिले माहीत होतं? तरी त्याहिनं बक्षीस देल्लं?"

काका हसून लोटपोट. "वकील कर गा तिले. घरात एक असावा."

बाबा हसले नाहीत. "मंग आता हे तरी खरं कशावरून? दुसरी बाजू बोलून दाखव. त्याच्यात कशी बोलते पाहू."

भर इतवारीत, हातगाड्यांच्या वाटेत, मी उभी राहिले आणि सुरुवात केली. मानवाची जिज्ञासा, विज्ञानाची झेप. दोन वाक्यांत आटले. प्रतिकूल बाजूला आठ मिनिटं बोललेली मी, मला जे हवं होतं त्याच्यासाठी दोन मिनिटं पुरतील इतकंही बोलू शकले नाही. डोळे भरून आले, त्याचा जास्त संताप आला.

"ते काही नाही," मी म्हटलं. "बाईंनी पाण्याचा थेंब दाखवला होता. त्याच्यात काहीतरी वळवळत होतं. मले ते पुन्हा पाहाचं आहे."

"पुस्तकात चित्र असते ना त्याचं? तूच म्हणे, यंत्र फोटो आणते, माणसाचं काय काम."

"मग तुम्ही काहून अंगठा फिरवता? गिऱ्हाईक सांगतेच ना, परात जाड आहे म्हणून."

बाबांचा अंगठा तेव्हा खरोखर परातीच्या काठावर होता. प्रत्येक भांड्याचा पत्रा ते असाच बोटानं जोखत. पातळ पत्र्यावर छिन्नीचा घाव जोरात बसला तर भोक पडतं, आणि त्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या शब्दावर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नाही. त्यांनी परातीवरचं नाव पुरं केलं, फुंकर मारली, फडक्यानं पुसून ती गिऱ्हाइकाला दिली. मग बाबांनी छिन्नी पाटाखाली ठेवली, खुंटीवरची टोपी घातली आणि म्हणाले, "चाल."

ट्रेनिंगच्या ऑफिसात तोच क्लार्क होता. बाबांनी फॉर्म परत मागितला. दिलेला शब्द परत मागायला ते कुठे गेल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की क्लार्कनं दोनदा "काय?" विचारलं.

"काहून पण?" तो म्हणाला. "पोरीचे मार्क चांगले आहेत. लोक जागेसाठी हात जोडून राहिले, अन् तुम्ही वापस घेऊन राहिले."

मला वाटलं, आता बाबा चिठ्ठ्यांचं सांगतील, शाळेला दोष देतील. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"चूक माझीच झाली साहेब. पोरीचं भाषण आयकलं. पोरीले विचाराचं राहून गेलं."

क्लार्कनं गठ्ठा सोडला, फॉर्म काढून दिला. बाबांनी त्याची चार घड्यांची पट्टी करून खिशात टाकली. बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी विचारलं, "सायन्सचं कॉलेज कुठीसा आहे, माहीत आहे तुले?"

मला माहीत नव्हतं. आम्ही विचारत विचारत गेलो.