पत दुरुस्त करून मिळेल

विश्वास ही माणसाने आयुष्यात कमावलेली एकमेव खरी संपत्ती होय. वाक्य माझं नाही. भाईंदर पश्चिमेला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काचेच्या दारावर ते सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, आणि त्याच्या बरोबर खाली, लाल अक्षरांत, 'चपला चोरीला गेल्यास कार्यालय जबाबदार नाही.' मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि आत गेलो.

तिथे का गेलो ते आधी सांगतो. आमचं घर भाईंदर पूर्वेला, खारीत, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेल्यापासून आई चौदा महिने आपल्या पायांनी खाली उतरली नव्हती. डॉक्टरकडे न्यायचं झालं की मी आणि समोरचे शेजारी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायचो, आणि मजल्यामजल्यावर दार उघडून बघणाऱ्यांना ती सांगायची, "काही नाही, फिरायला चाललेय." शेवटी सिल्व्हर पार्कला, जुन्या पण लिफ्ट असलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर घर सापडलं. मालकाला दोन लाख टोकन दिलं. पंचेचाळीस दिवसांत बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन बुडणार, असं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. तो कागद मी तीनदा वाचून सही केली. मी सगळंच वाचतो. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा.

आठव्या दिवशी बँकेने नकार कळवला. क्रेडिट स्कोअर कमी. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की माझ्या नावावर एक थकलेलं वाहन कर्ज दिसतंय. मला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही. तेव्हा कुणीतरी माझे कागद वापरून गाडी उचलली असणार, असा अर्थ मी काढला आणि त्या अर्थावर पुढचे तीन आठवडे संतापून घेतलं.

बायको म्हणाली, आधी तो स्कोअरचा अहवाल नीट बघा तरी. मी म्हणालो, त्यासाठी माहीतगार माणूस लागतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका माहीतगाराचं कार्ड दिलं. त्यावर छापलं होतं, 'पत पुनर्प्रतिष्ठापना केंद्र'. आपल्याकडे पुनर्प्रतिष्ठापना सहसा मूर्तीची होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आत एक भिंत पूर्ण सन्मानचिन्हांची. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. केंद्राचे मालक सगळ्या फोटोंत सत्कार स्वीकारत होते, आणि सत्कार करणारे बरेचसे सत्कार करण्यासाठीच जन्मलेले दिसत होते. मी वाचायला लागलो. 'विश्वासभूषण' ही पदवी देणाऱ्या संस्थेचा पत्ता आणि ह्या कार्यालयाचा पत्ता एकच होता. हे वाचूनही मी बसून राहिलो. दोन लाख अडकले की माणूस भिंतीवरचंही माफ करतो.

मालकांनी माझी फाइल उघडली, अहवाल काढायचे बाराशे घेतले आणि अहवाल काढून फाइलमध्ये ठेवला. मला दाखवला नाही. मी मागितला तेव्हा ते हसले.

"सर, ते टेक्निकल असतं. तुम्ही टेन्शन घ्यायचं नाही. पंधरा हजार, अर्धे आत्ता. एन्ट्री उडवतो."

"उडवता म्हणजे काय करता?"

"ते आतून होतं, सर."

आतून म्हणजे कुठून, ते मी तीन खेपांत तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी चहा आला. अर्धे पैसे मी दिले नव्हते, पण नाहीही म्हटलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझा मोबाइल मागितला. त्यावर एक नंबर येईल, तो फक्त वाचून दाखवा, म्हणाले. ओटीपी कुणाला सांगू नका असं बँक रोज सांगते. मी म्हणालो, विचार करून सांगतो, आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसलो.

बाकावर एक बाई होत्या. चार घरचा स्वयंपाक करतात, मूळच्या महाडकडच्या. चार महिने इथे खेपा घालत होत्या, नऊ हजार भरले होते. माझा चष्मा बघून त्यांनी पिशवीतून पावती काढली. म्हणाल्या, "दादा, जरा वाचा ना, ह्याच्यात काम कधी होणार लिवलंय का?"

मी वाचली. पावतीवर काम हा शब्दच नव्हता. लिहिलं होतं, 'मार्गदर्शन कार्यास ऐच्छिक देणगी. परत मिळणार नाही.' मी तीच ओळ पुन्हा, मोठ्याने वाचली. आतल्या केबिनमधलं बोलणं थांबलं. बाई म्हणाल्या, "देणगी? मी कशाला देणगी देऊ? मी काय शेठ आहे?"

मालक बाहेर आले आणि सौम्यपणे म्हणाले, काका, दुसऱ्याच्या कागदात आपण पडू नये. सरांचा काका झाला होता. मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण 'विश्वासभूषण'चा पत्ता मी खणखणीत वाचून दाखवला, बाराशे परत मागितले, ते मिळाले नाहीत, आणि आम्ही दोघं जिना उतरलो. बाईंना म्हणालो, पोलिसांत तक्रार देऊ, मी लिहून देतो. त्या म्हणाल्या, आज दोन घरं राहिलीत अजून, आणि रिक्षात बसल्या. त्यांचा नंबर घ्यायचं मला सुचलं नाही. रागावलेला माणूस फार उपयोगाचा नसतो.

हा एकोणतिसावा दिवस.

बायकोने मग तिच्या माहितीतल्या एका बाईंकडे पाठवलं. त्या सहकारी बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं बसून निवृत्त झालेल्या, आणि भाईंदर पश्चिमेलाच मंडईमागे आपल्या सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या मोटरच्या स्विचखाली, टेबल मांडून लोकांचे अर्ज भरून देत. भिंतीवर फक्त पाण्याच्या वेळा. एकही शाल नाही. मी तिथेही संशयाने उभा राहिलो. फी किती, आधी की नंतर, पावती देता का?

"अर्ज टाइप केला तर पन्नास," त्या म्हणाल्या. "अहवाल तुमच्याच फोनवर काढू. वर्षातून एकदा फुकट मिळतो. नंबर येईल तो तुम्हीच टाका, मला सांगू नका."

बाराशेचा अहवाल फुकट निघाला. वाहन कर्ज तिथे होतं. टेम्पो. त्याच्यापुढे एका रकान्यात एकच शब्द होता, जामीनदार. त्याच्याखाली तारीख. तारीख बघितल्यावर मला शिऱ्याचा वास आला.

आमच्या रत्नागिरीकडच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. दर माघात हॉल घेऊन सत्यनारायण होतो. सगळे गाववाले एका जागी सापडतात ते त्याच दिवशी, म्हणून ज्याला कुणाला कर्ज काढायचंय तो फॉर्म घेऊन येतो. आरती झाली की तीर्थाच्या पाठोपाठ फॉर्म फिरतो, आणि त्याच्या पाठोपाठ प्रसाद. सही नाकारणं म्हणजे प्रसाद नाकारणं. आठ वर्षांपूर्वी मंडळाच्या खजिनदाराने टेम्पो घेतला होता. तीर्थाने ओल्या झालेल्या उजव्या हाताने मी सही केली होती. औषधाची चिठ्ठी वाचणाऱ्या माणसाने.

"सही तुमचीच आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो. पण कर्ज माझं नाही."

"मग ह्यात चूक कुठेय? चूक असती तर मी अर्ज लिहिला असता, त्यालाही पैसे पडत नाहीत. खरं आहे ते खोडता येत नाही. खोडून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, आणि ज्याच्यासाठी सही केली त्याला गाठा." त्यांनी पन्नासही घेतले नाहीत, कारण काही टाइप केलं नव्हतं.

विश्वासू माणूस कसा ओळखावा, हा प्रश्न मी तीन आठवडे वागवत होतो. उत्तर आलं ते असं, आणि ते ऐकून मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

खजिनदार भाईंदर पूर्वेलाच राहतात. मंडळाने त्यांना मागच्या वर्षी 'आदर्श कार्यकर्ता' म्हणून गौरवलं, टाळ्या मीही वाजवल्या होत्या. मी गेलो तेव्हा ते पूजेच्या पावतीपुस्तकांवर शिक्के मारत होते.

"अरे, तुला सांगणारच होतो," ते म्हणाले. "चारच हप्ते राहिलेत."

"दोन वर्षं झाली, चारच राहिलेत."

"टेम्पो विकला ना मी. मग कसे भरणार?"

म्हणजे टेम्पो विकल्याचे पैसेही आले होते. मी विचारलं, एवढ्या गाववाल्यांत माझीच सही कशाला घेतली? त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि अगदी मोकळेपणाने सांगितलं, त्यात लबाडीचा अंशही नव्हता.

"तू वाचून सही करणारा. तुझी सही वर दिसली की दुसरा जामीनदार वाचायला थांबत नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ह्या मंडळात न फसणारा मी एकटाच. प्रत्यक्षात इतरांना फसवायला माझा उपयोग झाला होता. तो दुसरा जामीनदार कोण, तेही मी विचारलं. गिरणीतून निवृत्त झालेले, मला नेहमी आधी नमस्कार करणारे एक आजोबा होते.

मी ओरडलो नाही. म्हणालो, "रविवारी पूजा आहे. आरती झाल्यावर, तीर्थाच्या आधी, मी हा अहवाल उभा राहून वाचणार. सगळा. रकान्यांसकट."

"देवापुढे?"

"फॉर्म देवापुढेच फिरवलास ना?"

शनिवारी सकाळी चारही हप्ते दंडासकट भरले गेले. त्यांच्याकडे पैसे होते. ते पहिल्यापासूनच होते, आणि ह्या गोष्टीचा राग मला अजून येतो, ही ओळ लिहितानासुद्धा.

रविवारी मी गेलो. काही वाचून दाखवलं नाही, हप्ते भरले तर वाचणार नाही असा शब्द दिला होता. पण प्रसादाआधी एक फॉर्म माझ्यापर्यंत आला, तेव्हा मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. माझ्यानंतर ते गिरणीतले आजोबा होते. तेही थांबले. मागे शिऱ्याची पातेली घेऊन बायका ताटकळल्या. कुणीतरी म्हणालं, सही करतोयस की पोथी वाचतोयस? मी सही न करता फॉर्म परत दिला. आजोबांनीही तसाच पुढे सरकवला. प्रसाद मिळाला. थंड होता.

कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन मी बँकेत गेलो. स्कोअर सुधारायला महिना लागतो म्हणाले, पण दाखला फाइलला लावून आणि पाव टक्का व्याज जास्त लावून त्यांनी चव्वेचाळिसाव्या दिवशी मंजुरीचं पत्र दिलं. टोकन वाचलं. वाटेत भाईंदर पश्चिमेच्या त्या इमारतीखाली उभा राहून वर बघितलं. काचेचं दार होतं, सोनेरी अक्षरं होती, आणि बाहेर बऱ्याच चपला होत्या.

सिल्व्हर पार्कला राहायला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, चल, खाली जाऊ. तिने चांगली साडी नेसली. बायकोने हात धरला, मी लिफ्टचं बटण दाबलं. खाली आल्यावर आई वॉचमनच्या खुर्चीत बसली आणि डावीकडून उजवीकडे सगळं नीट बघून घेतलं. पाच मिनिटं झाली असतील.

"वर चल," ती म्हणाली. "इथे नुसत्या गाड्या आहेत."

लिफ्टला चौथ्या मजल्यापर्यंत बावीस सेकंद लागतात.