रहमतुल्लाभाईंचं धूसर भिंग

रहमतुल्ला आतार जुन्नरच्या बाजारपेठेत छत्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवत होते. एका फोटोत नवरीचे पाच चेहरे उमटवणारं भिंग त्यांनी मुंबईहून आणलं, तेव्हा पार मंचरहून लोक मुद्दाम यायचे. पुढे मोबाइल आले, काम ओसरलं, तरी रहमतुल्लाभाई रोज दुकान उघडत राहिले. माणूस अबोल. दुखलंखुपलं कुणाला सांगायची सवयच नव्हती.

गेल्या जानेवारीत त्यांच्या मुलीनं, आरफानं, गावाबाहेरच्या जुन्या शाही बागेत फोटो काढत फिरायचा बेत आखला. ती पुण्यात शिकून आलेली, निम्मं दुकान आता तीच बघायची. नेहमीची लेन्स कुणी वापरायची नाही, गमतीच्या लेन्सच लावायच्या, एवढीच अट. सात-आठ जण जमले. अब्बांना तिनं आग्रह करून नेलं.

बागेतल्या घुमटाच्या सावलीत आरफानं चादरीवर भिंगं मांडली. मंचरच्या शाळेत शिकवणाऱ्या अश्विनीनं एक उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं, तर घुमटाचे पाच घुमट झाले.

"मधी नका धरू, ताई," रहमतुल्लाभाई म्हणाले. "जरा कडेला घ्या. मग आभाळ बी दिसतंय."

तिनं तसं केलं आणि फोटो खरंच चांगला आला. मग सगळेच त्यांना विचारू लागले. रहमतुल्लाभाई जरा खुलले.

आरफानं आपल्या कॅमेऱ्याला धूसर भिंग लावलं. त्यातून कोरडा हौद, आंब्याची झाडं, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. "अब्बा, हे बघा."

ते बराच वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून उभे राहिले.

"भिंग लावलंच न्हाई का तू?"

"लावलंय की."

"मग रोजच्यासारखंच दिसतंय."

अश्विनीला ती थट्टा वाटली, ती हसली. आरफा हसली नाही. तिनं साधी लेन्स लावून कॅमेरा परत त्यांच्या हाती दिला. "आता?"

"तेच," ते म्हणाले. आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

घराच्या वाटेवर आरफानं स्कूटर बाजूला घेतली. "कधीपासून?"

"झाली दोन वर्सं."

"सांगितलं का नाही?"

"फोटोवाल्याच्या डोळ्यात दोष हाय म्हटल्यावर दुकानात कोण येईल?"

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. महिन्याच्या अंतरानं नारायणगावला दोन ऑपरेशनं झाली. डोळ्यांत थेंब घालायचे दिवस संपल्यावर रहमतुल्लाभाई दुकानात आले, कॉम्प्युटर लावला आणि मागची कामं उघडली. सगळे चेहरे निळसर होते. मोतीबिंदूमुळे त्यांना जग पिवळट दिसत होतं, म्हणून ते प्रत्येक फोटोत निळा रंग वाढवत गेले होते. आरफाला वाटायचं, अब्बांची ती आवडच असावी.

त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एकेक फोटो नव्यानं करायला बसले. करून झाला की गिऱ्हाइकाला फोन लावायचे. काहींनी फोटो नेले. काही म्हणाले, आम्हाला तर फरकच दिसला नव्हता.

अवसरी बुद्रुकच्या चिमाबाईंना फोन नव्हता. त्यांच्या वारलेल्या मालकांचा मोठा फोटो याच स्टुडिओतून गेलेला. रहमतुल्लाभाई एसटीनं गेले, नवा फोटो त्यांच्यापुढे धरला आणि झालेली चूक सांगितली.

चिमाबाईंनी दोन्ही फोटो निरखले. "ह्यो जास्त त्यांच्यावाणी हाय, भाऊ."

"मग जुना मी घिऊन जातो."

"न्हाई. रोज त्याच्याशीच बोलत व्हते मी. त्यो बी राहू द्या."

त्यांनी हातोडी आणून दिली. रहमतुल्लाभाईंनी जुन्या फोटोशेजारी खिळा ठोकला, नवा फोटो टांगला, मागं सरून तो सरळ आहे का ते पाहिलं आणि चहाला बसले.