बोटीपासून पडद्यापर्यंत

माझे बाबा एडवणला मासेमारी करतात. कोणती बोट परतीला लागली हे किनाऱ्यावरच्या घरांना कळावं, म्हणून मी एक सॉफ्टवेअर बनवलं, बोईसरची नोकरी सांभाळून, रविवारी-रविवारी. गावात ते नीट चालू लागल्यावर कोणालाही फुकट वापरता यावं म्हणून सगळा कोड वेबसाइटवर ठेवला. त्याची रचना समजावणारं एक पानही केलं. एकवीस चौकोन, त्यांना जोडणारे बाण आणि प्रत्येक चौकोनात इंग्रजी नाव. माझं फार लाडकं पान होतं ते.

कित्येक महिने दुसऱ्या कुठल्याच गावानं ते सॉफ्टवेअर घेतलं नाही. दोघा-तिघांनी शंका विचारल्या, मी लांबलचक उत्तरं दिली, ते परत फिरकले नाहीत.

एका दुपारी बाबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"यात आपली बोट कुठं हाय?"

"बोट नाही दाखवली, बाबा. हा सर्व्हर आहे, हा..."

"मी बटन दाबल्यावर काय व्हतं, ते सांग. पयलं काय, मंग काय."

मी सांगितलं. बोटीवरच्या फोनमध्ये निरोप तयार होतो, तो सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर तो मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयातल्या पडद्यावर दाखवतो.

"आन रेंज नसली तर?"

"फोन निरोप जपून ठेवतो. रेंज आली की आपोआप पाठवतो."

"ह्ये लिवलंय का यात?"

नव्हतं लिहिलं. ज्यासाठी मी सर्वांत जास्त डोकं खपवलं होतं, तेच पानावर नव्हतं.

मी पान पुसून नव्यानं लिहायला घेतलं. एका बोटीचा एक निरोप, निघाल्यापासून पोचेपर्यंत. चौकोन चारच. प्रत्येकाखाली तो काय करतो, बंद पडला तर काय होतं आणि त्याचा कोड कुठे सापडेल, एवढंच. बाकीचा तपशील वेगळ्या पानांवर. प्रत्येक वाक्य बाबांना वाचून दाखवलं, ते जिथे अडले तिथे बदललं. तीन रविवार गेले.

पुढे रायगडच्या किनाऱ्यावरून एका शिक्षिकेचा ईमेल आला. तिनं ते पान वाचून स्वतःच्या गावात सगळं बसवलं होतं. शिवाय वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी पडद्याला आवाजही दिला होता, आणि तो कोड बरोब्बर शेवटच्या, पडद्याच्या चौकोनात घातला होता. कंपनीत माझं कौतुक झालंय, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

बाबांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "तू तिला फोनवर शिकवलंस?"

"नाही. एकदाही बोललो नाही आम्ही."

ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं ओट्यावरून त्यांचा आवाज आला. शेजाऱ्यांना सांगत होते, "पोरीनं असं लिवलंय, तिकडच्या बाईला काय इचारायला लागलं नाय."

मी आत बसून ऐकत राहिले.