नारिंगी धूर आणि गुळाचा खडा

रात्रभर पाऊस पडला की सकाळी अजूनही मला खाणीकडे बघवत नाही.

घर माझं सिरोंच्याकडे, नदीकाठी. आमचं मासेमारीचं घर. आठवीत शाळा सुटली, पुढे कामासाठी इतक्या लांब कोरपन्याला चुनखडीच्या खाणीवर आलो. सुरुंगाच्या वेळी लाल झेंडी घेऊन रस्ता अडवायचा, एवढंच काम. ते शिकवलं सुरुंग भरणाऱ्या एका भाऊंनी. ते वरोऱ्याकडचे. मी त्यांच्याच खोलीत राहायचो, त्यांच्याच हातचं जेवायचो.

त्या दिवशी सुरुंगाच्या भोकांत पावसाचं पाणी शिरलं होतं. ओल्या भोकात बारूद नीट जळत नाही. दुपारी स्फोट झाला तर पांढऱ्या धुळीऐवजी नारिंगी धूर उठला, आणि वारा फिरून तो माझ्याच अंगावर आला. रस्ता दिसेना. भाऊ त्या धुरात शिरले आणि कॉलर धरून मला ओढत बाहेर घेऊन आले.

थोडा खोकला, डोळ्यांची आग. बस. भाऊंनी खिशातून गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला. धूळ खाल्ली की गूळ खायचा, ही इथली सगळ्यांची रीत.

"तू नवा हायेस. दवाखान्यात जाय, डाक्टरले दाखव."

"अन् तुमी?"

"मी लय धूर पचवला बे. मले काई नाई होत."

ते खोलीवर झोपायला गेले.

डॉक्टर म्हणाले, ही धूळ नव्हे, नायट्रोजनचा विषारी वायू आहे. गुळानं उतरत नाही. आत्ता बरं वाटेल, काही तासांनी छातीत पाणी भरेल. त्यांनी मला ठेवून घेतलं. संध्याकाळी खरंच श्वास लागला. तळं आटताना मासे वर येऊन तोंड उघडतात ना, तसा मी. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी एकच सांगत होतो, भाऊंना आणा. दवाखान्यातला माणूस खोलीवर पोचला तेव्हा ते दाराला टेकून बसले होते, ओठ निळे.

दोघंही वाचलो. माझी छाती सुधारली, त्यांची नाही. आता ते गावीच असतात. अंगणातून विहिरीपर्यंत जायचं तर मधे बसावं लागतं.

मी आता खाणीच्या फाटकावर कामाला आहे. ट्रकच्या धुरात, सिमेंटच्या भट्टीच्या धुराड्यातही तोच वायू असतो, थोडा असतो म्हणून दिसत नाही, असं डॉक्टर बोलले होते. तेव्हापासून ट्रक जवळ आला की मी नकळत श्वास धरून ठेवतो.

रोज दुपारी भाऊंना फोन करतो. दोन शब्द बोलून ते दम घ्यायला थांबतात, आणि तेवढा वेळ माझाही श्वास थांबतो.

"काऊन गप्प बे? गूळ... खाऊन राह्यला का नाई?"

"खाऊन राह्यलो ना भाऊ."

काल ते हसले, आणि मग काहीच ऐकू येईना. समोर एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. मी पायरीवर चढून केबिनचं दार वाजवलं.

"इंजिन बंद करा ना जी. मले श्वास आयकू येऊन नाई राह्यला."

"कोनाचा?"

मी फोन दाखवला. ड्रायव्हरनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चावी फिरवली. मग फोनमधून भाऊंच्या श्वासाची घरघर आली. ड्रायव्हर आणि मी, दोघंही ती ऐकत राहिलो.