ओल्या फडक्यातले शंभर दाणे

मी शेती कधी केली नाही. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढले, दुबईत फ्लॅटमध्ये संसार केला. नव्वदच्या दशकात तिथल्या देरा भागातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होते. रोज सकाळी बर दुबईहून अब्रा, म्हणजे लाकडी होडी पकडायची, खाडी ओलांडायची आणि दिवसभर तांदूळ, साखर, ज्वारीचे कागद बडवायचे. तरी बियाण्याच्या गप्पा माझ्यापुढे कोणी मारायच्या नाहीत. आठवड्यातून दोनदा मटकीला मोड आणणाऱ्या बाईला दाणा जिवंत आहे की मेलेला, एवढं नक्की कळतं.

एका मार्चमध्ये सोमालियाचा एक व्यापारी आला. पन्नाशीचा, मेंदीने रंगवलेली दाढी, दुबईच्या खेपा करून हिंदी शिकलेला. त्याला ज्वारी हवी होती, पण खायला नव्हे, पेरायला. त्यांच्याकडे पीक जमिनीत खड्डा करून साठवतात. आदल्या वर्षी बंदूकवाल्यांनी खड्डे उकरून सगळं नेलं, बियाणंसुद्धा. पाऊस महिन्यावर आला होता आणि गावात पेरायला दाणा नव्हता.

आमच्या सेठने त्याला जी ज्वारी दाखवली, तिने पत्र्याच्या गोदामात तीन उन्हाळे काढले होते. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट टाइप करो. सौ में से नब्बे दाना उगता है."

"चेक किसने किया?"

"अरे, खाने में एकदम बढ़िया है. नहीं उगेगा तो खा लेंगे."

माझं डोकंच फिरलं. पाऊस पडून गेला आणि शेतात काही उगवलं नाही, तर त्या लोकांचं अख्खं वर्ष गेलं. हे मला कळतं आणि जन्मभर धान्य विकणाऱ्याला कळत नाही? चांगलं कळत होतं त्याला. "करती हूँ टाइप," म्हटलं आणि केलं नाही. मूठभर ज्वारी रुमालात बांधून घरी नेली.

शंभर दाणे मोजले, ओल्या फडक्यात बांधले, डब्यात ठेवले. लेकीने डोकावून विचारलं, "मम्मा, इज धिस डिनर ऑर ऑफिस?"

"ऑफिस," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "नोकरी घालवशील. तुला काय पडलंय त्यांचं?" त्याच्याशी भांडायला मला तेव्हा वेळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर एकालाही मोड नव्हता. तरातरा ऑफिसात गेले आणि सेठला सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर में एसी चालू था?"

होता. हॉलमध्ये, चोवीस तास. आणि मटकी नेहमी स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे उबेला ठेवणारी मी, रागाच्या भरात डबा हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवून मोकळी झाले होते. सेठ पोट धरून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कागद तरीही टाइप केला नाही.

पुन्हा मोजायला बसले. या वेळी दोन फडकी. एकात गोदामातली ज्वारी, दुसऱ्यात बर दुबईच्या वाण्याकडून भाकरीसाठी आणलेली. दोन्ही फ्रिजच्या मागे, शेजारी शेजारी. आता एसीचं नाव काढून दाखव म्हटलं.

तीन दिवसांनी दोन्ही फडकी पर्समध्ये घालून अब्रात बसले. ऑफिसात तो व्यापारी काळा चहा पीत होता. सेठ काही बोलायच्या आत मी फडकी टेबलावर उघडली. भाकरीच्या ज्वारीला पांढरे मोडच मोड. गोदामातली बहुतेक नुसती फुगलेली.

"ये क्या नाटक है?" सेठ ओरडला.

"नाटक नहीं, सेठ. ये आपका नब्बे है."

व्यापाऱ्याने चहा बाजूला ठेवला आणि गोदामाच्या फडक्यातला मोड आलेला एकेक दाणा बोटाने वेगळा केला. शंभरात सतरा भरले. मग सेठकडे न बघता मला म्हणाला, "सिस्टर, इसको बोएगा तो बारिश आके जाएगा. हम खड़ा देखेगा."

सेठच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक निघालं. "दूसरा लॉट है, नया माल," तो घाईघाईने म्हणाला.

"खलास. अब सिस्टर के किचन में पास होगा, तो लेगा."

माल न्यायला खाडीत उभं असलेलं गलबत त्याने थांबवलं. माझ्या स्वयंपाकघरात पाच लॉटच्या पाच गोण्यांची पाच फडकी लागली. घरात तीन दिवस उसळ झाली नाही, कारण फ्रिजमागे जागा नव्हती. नवऱ्याने कुरकुर केली, पण फडक्यांवर पाणी शिंपडलं. चौथी गोणी पास झाली, शंभरात अठ्ठ्याऐंशी दाण्यांना मोड आले. ऑफिसात सर्टिफिकेट टाइप करायला बसले, तर सेठ माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. "नब्बे लिखो मॅडम, दो से क्या होता है." अठ्ठ्याऐंशी उगवले होते, मी अठ्ठ्याऐंशीच टाइप केलं.

तोच माल गलबतात भरून व्यापारी गेला आणि वर्षभराने पुन्हा आला. सेठने खुर्ची पुढे ओढली, चहा मागवला, नव्या ज्वारीचे नमुने मांडले. व्यापाऱ्याने ते हाताने बाजूला सारले.

"ताडपत्री चाहिए, खड्डा ढकने को," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "बी नहीं चाहिए. बी अब अपना है."

सेठचं तोंड उतरलं. माझं नाही.