अहमदपुरातलं गलबत

मोंढ्यात दुकान असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. धान्याबरोबर तेही येतात, आणि माल उचलला गेला तरी ते मागे राहतात. अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमची अडत. आजवर मी दुसऱ्यांचे किस्से सांगत आलो. मागच्या वर्षी मला पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि मोंढ्यात माझेच किस्से सुरू झाले.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा मुलगा महेश म्हणाला, "अप्पा, आता दुकानच्या गादीवर बसायचं न्हाई. घरी आराम." मुठीत दाणे धरता येत नाहीत म्हणजे व्यापारी संपला, असं त्याचं मत.

मी पलंगावर पडून डाव्या हाताने मोबाईल बघत होतो. त्यात एक माणूस लाकडी पट्ट्यांचं गलबत करत होता. दोन फुटांचं, शिडाच्या काठीसकट. मी महेशला म्हणालो, "हे मी या उजव्या हातानं करतो. तरंगलं तर गादीवर मी बसणार. बुडालं तर घरी बसून जप करीन."

तो लगेच हो म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला, तिथंच माझं डोकं फिरलं.

* * *

शेजारच्या दुकानाचे बालाजीराव तब्येत बघायला आले. पलंगाखाली सागवानी पट्ट्यांचा ढीग बघून म्हणाले, "अप्पा, अहमदपूरला समुद्र कधी येऊन राहिला?"

मी म्हटलं, "येईल तेव्हा तुम्ही पोहत या. मी बसून येतो."

* * *

फिजिओथेरपीच्या मॅडम लातूरहून यायच्या. त्यांनी एक रबरी बॉल दिला होता, सकाळ-संध्याकाळ दाबायला. पंधरा दिवस दाबला. मग परत केला.

"काका, व्यायाम सोडला की काय?"

"मॅडम, कितीबी दाबला तरी तो बॉलच राहतो."

आणि पॉलिश पेपरने घासलेली एक पट्टी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "ही उजव्या हाताने घासली?"

"डावा बाजूला बसून बघत होता."

* * *

गलबत कलंडू नये म्हणून त्याच्या पोटात वजन भरावं लागतं. मोबाईलमधला माणूस शिशाचे तुकडे भरत होता. आमच्या घरात शिसं कुठलं? सोयाबीनचं पोतं होतं. तेच भरलं, वरून फळ्या चिकटवल्या आणि गच्चीवर टबात पाणी घेऊन गलबत सोडलं. झकास तरंगलं. ते तसंच टबात ठेवून मी खुशीत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कुठल्याशा फटीतून पाणी आत गेलेलं. सोयाबीन फुगून गलबताचं पोट फुटलं होतं. टबभर दाणे.

आणि हे कुणाच्या हातून? ज्याने चाळीस वर्षं ओलावा जास्त म्हणून लोकांचं सोयाबीन परत पाठवलं, त्याच्या.

आमच्या मंडळी कपडे वाळत घालायला वर आल्या. टबात वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, ओलावा किती लागला?"

दुपारपर्यंत मोंढाभर झालं. मागच्या हंगामात ज्याचा माल मी परत केला होता, तो शेतकरी मुद्दाम घरी आला. टबातले चार दाणे बोटांत चोळले, माझ्याकडे बघितलं आणि माझ्याच आवाजात म्हणाला, "वाळवून आणा. मग बघू."

संध्याकाळी महेश लई गोड बोलून राहिला. "अप्पा, जपमाळ आणू का?"

"आण. मणी वजनाला भरतो."

* * *

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन महिने गेले. या खेपेला पोटात लोखंडी वजनं बसवली; इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती तशीही पडूनच होती.

तळ्यावर न्यायच्या दिवशी बालाजीराव नारळ आणि लिंबू घेऊन हजर. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला की चाकाखाली लिंबू आणि पुढं नारळ. गलबताला चाक नाही, म्हणून त्यांनी लिंबू बुडाखाली सरकवलं. नारळ कुठं फोडायचा यावर जास्त विचार न करता गलबतावरच फोडला. शिडाची काठी मधोमध मोडली.

महेश म्हणाला, "अपशकुन झाला, अप्पा. आजचं राहू द्या."

मी खाली बसलो. मोडलेले दोन तुकडे जुळवले आणि उजव्या हाताने सुतळी गुंडाळायला लागलो. सुतळी तीनदा सुटली. बालाजीराव मदतीला वाकले, त्यांना डाव्या हाताने बाजूला सारलं. चौथ्यांदा गाठ बसली.

"चला," मी म्हटलं. "लिंबू बी घ्या संगं. सरबत करू."

* * *

तळ्यावर अर्धा मोंढा जमला होता. मी काठावर बसून गलबत पाण्यात ठेवलं आणि हात काढला. ते लगेच उजवीकडे कललं.

"गेलं, गेलं," बालाजीराव म्हणाले.

गेलं नाही. कललेलंच राहिलं, आणि वारा लागला तसं हळूहळू पुढं सरकायला लागलं.

महेश बराच वेळ बघत होता. "अप्पा, एका अंगावर चालून राहिलंय."

"मी कसा चालतो?"

गलबत पलीकडच्या काठाला लागलं तेव्हा महेश पँट दुमडून, तळ्याला वळसा घालून आणायला गेला. परत आला तो गलबत छातीशी धरून. शर्ट भिजलेला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "उद्या दुकान साडेनऊला उघडतं."

"साडेनऊला?" मी म्हटलं. "मी नऊला उघडत होतो."