शाकाहारी घरातली खवली

माझा पीएचडीचा थिसिस मी सोडून कुणी वाचलेला नाही, पण त्यातल्या फजित्या अख्ख्या गल्लीला पाठ आहेत. कट्ट्यावर बसून एक सांगायला घेतली की मागची दुसरी आपोआप बाहेर येते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. पंचगंगेतली खवली, म्हणजे बोटाएवढा मासा, अंडी कधी आणि कशी घालते, हा माझा विषय. आणि मंगळवार पेठेतलं आमचं घर लिंगायतांचं! अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. विषय ऐकून आई एवढंच म्हणाली, "सगळ्या दुनियेत माशाचंच बाळंतपण ऱ्हायलंतं व्हय तुझ्यासाठी?"

*

पहिल्यांदा मासळी बाजारात गेलो ते नाकाला रुमाल लावूनच. म्हटलं, "मावशी, पोट फुगलेल्या तेवढ्या द्या."

"कालवण करणार का तळणार?"

"छे हो, पोट फाडून अंडी बघणार आणि टाकून देणार."

मावशीनं पाटीवर फडकं ओढलं. "फुडं जावा पावणं. भवानीच्या टायमाला असलं गिऱ्हाईक नको."

*

कुरुंदवाडला मुलगी बघायला गेलतो. मुलगी मला फार आवडली. तिच्या वडिलांनी विचारलं, "काय करतासा?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "नदीच्या पाण्याचं काम असतंय त्याचं."

"बरं झालं. आमच्या नळाला पाणी कधी येणार?"

शेवटी खरं सांगावं लागलं. ते म्हणाले, "डॉक्टर होऊन या. दिवाळीपतूर थांबतो."

*

तिकडं लॅबच्या टाकीत खवल्या काही अंडी घालेनात. पावसाळा निम्मा सरला. गाईड सर काचेशी वाकले आणि म्हणाले, "अरे, ह्या सगळ्या माद्याच आहेत."

जाड ती मादी, बारीक तो नर, असं मी धरून चाललो होतो. बारीक होत्या त्या उपाशी होत्या.

सर चिडले. "आता अंडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय थिसिसवर सही नाही." म्हणजे पुढचा पावसाळा. तोवर कुरुंदवाडकर थोडेच थांबणार होते!

*

लॅबची लाइट सारखी जायची, म्हणून टाकी घरी आणली. आईनं परसात जागा दिली, एका अटीवर: ती माशाला हात लावणार नाही. ह्या वेळी नर सरांनी स्वतः निवडून दिला होता.

एका सकाळी बघतो तर पाणवनस्पतीला अंडी चिकटलेली! मला नाचावंसं वाटलं. खवली आपलीच अंडी खाते, म्हणून जोडी लगेच बाहेर काढायची, हे थिसिसमध्ये मीच लिहिलंय. पण आधी सरांना फोन करायची घाई. "आई, तेवढी जाळीनं जोडी काढ, मी बूथवर जाऊन आलो."

"मी मासं शिवणार न्हाय. राखण करते, जा."

सर स्कूटरवरून आले. आई टाकीसमोर पाट टाकून बसलेली. टाकीत जोडी निवांत फिरत होती. अंडी एकसुद्धा नव्हती.

सरांनी माझ्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं. मग खिशातलं पेन काढून आईला विचारलं, "वहिनी, अंडी तुम्ही स्वतः बघितलीत?"

"बघितली की, सर. आमच्या घरात आजवर कुणी अंडं खाल्लं न्हवतं. ह्या दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत घर बाटवलं."